नातीसाठी हरसूलचं धुकं

आमची नात रेवा कॅनडात शिकते. वर्गात प्रत्येकाने आपल्या आजोळचं एक दृश्य इंग्रजीत वाचून दाखवायचं होतं. तिचा फोन आला, "आजोबा, तुमच्याकडचं धुकं लिहून द्या. पण ऐकताना अंग ओलं झाल्यासारखं वाटलं पाहिजे."

झाली पंचाईत! माझं इंग्रजी फवारणीच्या औषधाच्या डब्यांवरची माहिती वाचून शिकलेलं. त्यात आम्ही ओझरकडचे द्राक्षवाले. धुकं पडलं की फवारणीचा पंप काढायचा, बागेवर रोग यायचा म्हणून. कौतुकाने कधी बघितलंच नाही. मग बायकोला, सुमनला, म्हटलं, चल, हरसूलच्या घाटात एकदा नुसतं बघून येऊ.

श्रावणात मोटारसायकलवर निघालो. त्र्यंबकपर्यंत रस्ता लोण्यासारखा, पुढे हरसूलकडे मात्र खड्डे आणि वळणं. दिवा लावूनच चालवा. त्र्यंबकला टपरीवर गरम भजी मिळतात, ती खाऊनच पुढे निघा, नंतर लवकर काही मिळत नाही.

घाटात धुकं अंगावरच आलं. दगडावर बसून चार ओळी लिहिल्या आणि सुमनला मराठीत सांगितल्या: बारीक तुषार पानाच्या दोन्ही बाजूंना सारखे बसतात, वाऱ्याकडे तोंड करू नये.

"अहो, नातीला धुकं दाखवताय की बागेवर पंप मारायला लावताय?"

कागद खिशात कोंबला. पुढच्या वळणावर धबधब्याचे तुषार थेट रस्त्यावर येत होते. चष्मा पुसत सुमन म्हणाली, आपला इस्त्रीवाला तोंडात पाणी धरून कपड्यांवर फुर्रकन उडवायचा, तसंच आहे हे. ते मी जसंच्या तसं लिहिलं. पाण्याचा हबका आणि बारीक फवारा यांना इंग्रजीत वेगळे शब्द आहेत, ते मला डब्यांनीच शिकवलेले. तेवढे उपयोगी पडले.

हरसूलला बाजार होता. एक मावशी रानभाजीवर बोटांनी पाणी शिंपडत बसल्या होत्या. इथलं धुकं कसं असतं, विचारलं. त्या हसल्या. "कसं म्हंजे? सकाळी येतं, शेळ्या गिळतं. दुपारी परत देतं. त्यात लिवायचं काय हाय, बाबा?"

परतताना पिठलं-भाकरी खाल्ली, पण माझं लक्ष त्या शेळ्यांतच.

नाशिकला सायबर कॅफेत एका बोटाने सगळं टाइप केलं. डब्यांवरचं एकही वाक्य ठेवलं नाही. पाठवलं खरं, पण पोरीचं वर्गात हसं झालं तर, म्हणून जेवण गोड लागेना.

आठवड्याने फोन आला. इस्त्रीवाल्याला सगळी हसली, म्हणे. मग शेळ्या आल्या. एका पोराने विचारलं, सगळ्या परत आल्या ना?

"मी सांगितलं, आजी मोजते," रेवा म्हणाली.

त्याच वर्षी थंडीत एका पहाटे आमच्या बागेवर धुकं उतरलं. हात सवयीने पंपाकडे गेला. ओट्यावरून सुमनचा आवाज आला, "औषध पळून जात नाही. आधी चहा घ्या, तोवर शेळ्या मोजा."

आमच्याकडे शेळी एकही नाही. तरी कप रिकामा होईपर्यंत मी बघत उभा राहिलो.