ज्याचं त्याचं बिल्ड

आमच्या सातपूरच्या कारखान्यात रजेचं जावा ॲप सांभाळणारा देवळ्याचा एक गडी आहे. तक्रार केली की तो वाद घालत नाही. "करू ना भाऊ," म्हणतो आणि त्या माणसापुरतं वेगळं बिल्ड, म्हणजे ॲपची वेगळी आवृत्ती, काढून देतो. स्टोअरच्या काकूंना त्याने ठळक अक्षरांची दिली.

"रजेच्या अर्जात 'नम्र विनंती' कशाला? रजा हक्क आहे!" मी गरजलो. दुसऱ्या दिवशी माझ्या पडद्यावर 'रजेची मागणी' आलं. तेव्हापासून माझी प्रत्येक रजा मंजूर! साहेब टरकले, असं मी युनियनच्या गेटवरच्या सभेत सांगितलंही.

काल साहेबांच्या पडद्यावर माझा अर्ज दिसला : 'नम्र विनंती. आपला आज्ञाधारक.'

मी तडक त्याच्याकडे गेलो.

"साहेबांचं बिल्ड येगळं हाय, भाऊ. बदलू का? दिवाळीची रजा टाकायचीय ना तुम्हाला?"

"राहू द्या," मी नम्रपणे म्हणालो.