पळालेल्या मुलीचा फ्रॉक

यशवंतपूर स्टेशनावर एकट्या सापडलेल्या मुलींच्या आश्रमात अक्का शिवण शिकवत. इंटरपासून बी.ए. होईपर्यंत मी तिथे इंग्रजी शिकवायला जाई. मुलींसारखी मीही त्यांना अक्काच म्हणे; नाव विचारायचा कधी धीर झाला नाही.

एक मुलगी स्वतःचा फ्रॉक अर्धाच शिवून पळून गेली होती. दर दसऱ्यात आयुधपूजेला शिवणाच्या मशीनना कुंकू लावून झालं, की अक्का तो फ्रॉक काढत आणि खालची दुमड उसवून स्वल्प लांब करत.

मुली चिडवत, “अक्का, आमचे आखूड झालेत, ते दिसत नाहीत.”

“ती येईल असं वाटतं?” मी एकदा हळूच विचारलं.

“ते मला काय ठाऊक, पोरी. पण जिथं असेल तिथं वाढली असेल की.”

माझ्या शेवटच्या आयुधपूजेला दुमड संपली होती. अक्कांनी खाली नवी पट्टी जोडली. त्या पट्टीलाही रुंद दुमड ठेवली.