पारनेरच्या फुफाट्यातला अनोळखी जंतू

आमच्या लॅबमध्ये दोन गोष्टी न सांगता वाढायच्या. एक, कोपऱ्यात विसरलेल्या प्लेटवरची बुरशी आणि दुसरी, किस्से. बुरशी निदान धुऊन टाकता येते. किस्से धुवायला कुणी तयार नसतं. आजही आम्ही जुने सोबती भेटलो की कुणीतरी म्हणतं, "अनसाबाईंनी माती बांधून दिलेली आठवते का?" आणि मग समोरचा चहा गार होतो.

काळ नव्वदच्या दशकाच्या शेवटाचा. राहुरीहून कोल्हारकडे जाताना रस्त्याला लागूनच आमची लॅब होती. चार खोल्या, पत्र्याची शेड आणि दारात एक कडुनिंब. माणसं मोजकी. प्रमुख वाघ सर. आडनाव वाघ, पण रागवायची वेळ आली की चष्मा पुसत बसायचे. सुनंदा गायकवाड पीएचडी करत होती, पारनेर तालुक्यातल्या एका कोरडवाहू गावातून आलेली. शेखभाई जीप चालवायचे. आणि मी, पाटोळे, लॅब टेक्निशियन. माझे हात कमी चालतात आणि तोंड जास्त, असं सरांचं मत होतं. ते आजही बदललेलं नाही.

*

सुनंदाचं काम काय, हे शेखभाईंना समजावून सांगायची जबाबदारी एकदा सरांनी स्वतःकडे घेतली. जीपमध्ये वेळ भरपूर होता.

मातीतले बहुतेक जंतू लॅबमध्ये वाढतच नाहीत. कितीही गोडधोड खायला घाला, ढिम्म हलत नाहीत. म्हणून सुनंदा त्यांना वाढवायच्या भानगडीतच पडत नसे. चमचाभर मातीतल्या सगळ्या जंतूंचा डीएनए एकदमच काढायची, त्याचे तुकडे वेगळे करायची, पुण्याहून त्यांची अक्षरं वाचून आणायची. मग ती अक्षरं जगभरच्या लोकांनी मिळून भरलेल्या एका सार्वजनिक संग्रहाशी कॉम्प्युटरवर ताडून बघायची. कोण ओळखीचं आणि कोण नवीन, ते त्यावरून कळायचं.

सर म्हणाले, "असं समजा शेखभाई, गावाची शिरगणती करायची, पण कुणाच्या घरात न जाता, नुसत्या उकिरड्यावरून."

शेखभाईंनी गिअर बदलला. "त्यापेक्षा दार वाजवून इचारलं तर न्हाई का जमनार?"

"दारच उघडत नाहीत हो," सर म्हणाले. "तीच तर अडचण आहे."

शेखभाईंना ते एकदम पटलं. त्यांनी पूर्वी वीज मंडळाची जीप चालवली होती.

*

पहिला मोठा घोळ मातीतच झाला.

कोरड्या जमिनीत कोणते जंतू तग धरून राहतात, हा सुनंदाचा विषय. म्हणून सगळ्यात आधी तिच्याच गावी गेलो. पाच शेतकऱ्यांना पिशव्या दिल्या, आपापल्या रानातली माती भरून ठेवा म्हणून सांगितलं, आणि दुसऱ्या दिवशी पिशव्या घेऊन आलो. आम्ही स्वतः खणून घ्यायला हवी होती, हे आता कुणीही सांगेल. पण ऊन असं होतं की तेव्हा कुणीच सांगितलं नाही.

दोन महिने खपून सुनंदानं पाचही पिशव्यांतल्या मातीचे जंतू काढले. पाचही ठिकाणी तेच आणि तेवढेच. सगळे खाऊनपिऊन सुखी असलेल्या मातीतले. सर चष्मा पुसायला लागले तसं आम्हाला कळलं की काहीतरी बिनसलंय.

गावी जाऊन चौकशी केली तर पाचही जणांनी एकाच ठिकाणची माती भरली होती. गावात विहिरीला बारमाही पाणी असलेली एकच डाळिंबाची बाग होती, तिथली. वर ती चाळून, खडे निवडून! त्या पाच जणांत सुनंदाची आई अनसाबाईही होत्या. सुनंदा त्यांच्यावर इतकी चिडली की तिला रडूच फुटलं. अनसाबाईंना मात्र आपलं काय चुकलं तेच कळेना.

"येवड्या लांबून मानसं आली," त्या म्हणाल्या, "त्यांच्या पदरात काय फुफाटा घालू व्हय?"

सरांनी टिकाव मागून घेतला आणि स्वतः त्यांच्या बांधाकडे चालू लागले. अनसाबाई मागून सांगत राहिल्या की तिथं काही नाही, तिथं कुसळंसुद्धा उगवत नाहीत.

*

फुफाट्यातून डीएनए काढणं सोपं नाही. निघतो तो चहाच्या रंगाचा निघतो. तो रंग राहिला तर पुढचं मशीन काम करत नाही. म्हणून तो धुवावा लागतो.

"रंग जाईपर्यंत धू," असं सांगून सर नगरला मीटिंगला गेले. सुनंदा मनापासून काम करणारी मुलगी. तिनं धुतलं, परत धुतलं, दुपारचा डबा सोडून धुतलं. संध्याकाळी सर आले तेव्हा नळीतलं पाणी काचेसारखं लख्ख होतं.

सरांनी नळी उजेडात धरली, फिरवून पाहिली. "छान, अगदी स्वच्छ झालंय," ते म्हणाले. "काहीच उरलं नाही."

*

सुनंदा ते सगळं पुन्हा पहिल्यापासून करत होती, त्या काळात आम्ही कोल्हारला प्रवरेचं पाणी घ्यायला जायचो. तो सरांचा स्वतःचा छंद होता, जंतूंना खाणारे विषाणू शोधायचा. विषाणू म्हटलं की लोक दचकतात, म्हणून सरांनी नदीकाठच्या दोन शेतकऱ्यांना नीट समजावून सांगितलं. हे माणसाला काही करत नाहीत, उलट जंतूंचा फडशा पाडतात.

आठवड्याने ते दोघे आपापल्या विहिरीचं पाणी बाटलीत घेऊन लॅबच्या दारात हजर. सरांनी दोन्ही तपासलं. एकाच्या विहिरीत विषाणू भरपूर निघाले, दुसऱ्याच्या फारच कमी.

ज्याच्या विहिरीत कमी निघाले तो गृहस्थ जो रुसला, तो सरांनी दिलेला चहासुद्धा घेईना. शेवटी दारातून मागे वळून म्हणाला, "एकाच झऱ्याचं पानी हाय सायेब. माझ्यातलेच तिकडं गेले आसतील."

*

आमच्या लॅबला फोनची लाईन एकच. त्याच लाईनवर मोडेम आणि त्याच लाईनवर ऑफिसातला फोन. मोडेम लागताना जो चरचराट व्हायचा तो ऐकून शेखभाई बाहेरून ओरडायचे, "लागलं का?" सुनंदाची अक्षरं ईमेलनं परदेशातल्या त्या संग्रहाकडे जायची, आणि कुठल्या जंतूशी किती जुळतं ते उत्तर सावकाश परत यायचं.

फुफाट्याचं उत्तर आलं तो दिवस मला पक्का आठवतो. लाईन दोनदा तुटली होती. तिसऱ्यांदा यादी अर्धी उतरली आणि कुणीतरी ऑफिसातला फोन उचलला. सगळं गेलं. आम्ही धावलो तर फोनवर सर स्वतः होते, आणि पलीकडे काकूंना सांगत होते की हो, येताना कोथिंबीर आणतो.

सुनंदा एरवी सरांपुढे तोंड उघडत नसे. त्या दिवशी तिनं फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. "काकू, सर कोथिंबीर आणतील," असं म्हणून तिनं तो ठेवून दिला. सर आज्ञाधारकपणे बाजूला झाले.

चौथ्यांदा यादी पूर्ण आली. बाकीचे तुकडे ओळखीच्या घराण्यांतले होते. एक तुकडा मात्र कुणाशीच धड जुळत नव्हता. जगाच्या अख्ख्या संग्रहात त्याचा एकही जवळचा नातेवाईक नाही! सुनंदानं तो कागद पुन्हा पुन्हा वाचला. मग हळूच म्हणाली, "आमच्या बांधावरचा आहे."

*

हा आनंद आढावा समिती येईपर्यंत टिकला. समितीत एक मोठे तज्ज्ञ होते. माणूस हुशार, पण बोलणं असं की समोरच्याला आपण उगाच जन्माला आलो असं वाटावं. त्यांनी कागद पाहिला आणि म्हणाले की हा जंतूच नाही. मशीनमध्ये दोन वेगळ्या जंतूंचे तुकडे चिकटतात आणि तिसराच कुणीतरी तयार होतो. ही नळीत झालेली भेसळ आहे.

असं होतं, हे खरं होतं. म्हणून सुनंदानं नवी माती आणून सगळं पुन्हा केलं. पुन्हा तोच तुकडा आला. तज्ज्ञांनी कळवलं, तेच हात आणि तीच नळी असेल तर चूकही तीच होणार. दुसऱ्या कुणाला, दुसरीकडे सापडला तर मानू. तोवर हा भाग प्रबंधातून काढा.

हा भाग काढला तर प्रबंधात उरणार काय? डाळिंबाची बाग! सुनंदाची तीन वर्षं त्या एका तुकड्यावर उभी होती. त्या दिवसापासून ती जेवताना बोलेनाशी झाली. मला फार वाईट वाटायचं आणि वाईट वाटलं की मी जास्तच बडबड करतो, त्यामुळे तिला दुहेरी त्रास.

*

आता एकच वाट होती. तो तुकडा त्या सार्वजनिक संग्रहात टाकायचा, म्हणजे जगात कुणालाही दिसेल. सर कचरले. खरा निघाला तर दुसराच कुणी त्यावर नाव कमावेल, खोटा निघाला तर जगभर शोभा. मीही सरांच्या बाजूनं बोललो. आपलं आपल्याकडे असू द्यावं, असं मला तेव्हा खरंच वाटायचं.

सुनंदा म्हणाली, "सर, मी दुसऱ्यांनी टाकलेलंच तीन वर्षं बघतेय. त्यांनी झाकून ठेवलं असतं तर हा नवीन आहे हे मला कळलं असतं का?"

सरांनी चष्मा पुसला, खुर्ची कॉम्प्युटरजवळ ओढली आणि मला सांगितलं की ऑफिसच्या फोनला कुणाला हात लावू देऊ नका. स्वतःलाही त्यांनी त्यात धरलं असावं, कारण त्या दिवशी ते कोथिंबीर न घेताच घरी गेले.

*

पुढे दर शनिवारी सुनंदा आपला तुकडा संग्रहात शोधायची. नवीन कुणी जुळतंय का? दर शनिवारी तंतोतंत जुळणारा एकच सापडायचा. तिनं स्वतः टाकलेला.

"आज कोण भेटलं?" शेखभाई विचारायचे.

"मीच," सुनंदा म्हणायची.

पहिले काही शनिवार आम्ही हसलो. मग शेखभाईंनी विचारणं बंद केलं. शनिवारी मोडेम चरचरायला लागला की ते जीप पुसायला जायचे, पुसलेली असली तरी.

*

आणि मग तो ईमेल आला. शनिवारी नाही, भर बुधवारी, सर दुसरंच काही शोधत असताना.

दक्षिण अमेरिकेतल्या एका वाळवंटाच्या कडेला काम करणारी एक बाई. सुनंदाएवढीच असावी. तिनं लिहिलं होतं की हा तुकडा तिला दोन वर्षांपूर्वीच सापडला होता. तिच्या सरांनी तो भेसळ म्हणून बाजूला टाकायला लावला. परवा तिला संग्रहात सुनंदाची नोंद दिसली आणि तिनं आपला जुना तुकडा काढून शेजारी ठेवला. हुबेहूब तोच! तिनंही तो आता संग्रहात टाकला होता. खाली लिहिलं होतं, "मला वाटत होतं की चूक माझीच आहे."

सुनंदानं ते वाचलं आणि टेबलावर डोकं टेकून रडली. सरांनी चष्मा काढला, पण या वेळी पुसले ते डोळे. मी गप्प बसलो होतो. याला साक्षीदार आहेत.

तज्ज्ञांचं पत्र नंतर आलं, भाग ठेवा म्हणून. आम्ही त्या पत्राची वाट पाहिली नाही. त्याच आठवड्यात जीप काढून सुनंदाच्या गावी गेलो. अनसाबाई घरी नव्हत्या. टँकर आला होता. आम्ही ओट्यावर बसलो. थोड्या वेळानं डोक्यावर हंडा, काखेत कळशी घेऊन त्या आल्या, आम्हाला जयभीम केला आणि आधी त्याच पाण्यातनं आम्हाला तांबे भरून दिले.

सुनंदानं सगळं सांगितलं. तुझ्या बांधावरचा जंतू खरा निघाला आई. तिकडं सातासमुद्रापार एक बाई आहे, तिला तिच्या रानात अगदी हाच सापडला. जगात दोनच ठिकाणी आहे, तिच्याकडे आणि तुझ्याकडे. सरांनी मध्ये भर घातली की तिथंही असंच रान आहे, वर्षवर्ष ढग दिसत नाही, असल्या मातीतच हा जगतो, मोठा शोध आहे हा अनसाबाई.

अनसाबाईंनी लेकीच्या तोंडावरून हात फिरवला. सगळं नीट ऐकून घेतलं. मग पदरानं मान पुसत त्यांनी सरांना विचारलं,

"आन् सायेब, त्या बाईच्या गावाला टँकर येतो का?"