सहा शुक्रवारांची दाढी

रोह्याच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या फ्लोराबाई अष्टमकरांच्या हनुवटीवर गेली पंचवीस वर्षं राठ केस उगवत होते. दर शुक्रवारी शब्बाथचा, म्हणजे यहुद्यांच्या विश्रांतीच्या वाराचा, दिवा लावण्याआधी घर लख्ख, भांडी लख्ख आणि हनुवटीही लख्ख. चष्मा काढून ठेवायचा आणि बोटाला लागेल तो केस चिमट्याने उपटायचा, हा त्यांचा शिरस्ता.

१९९९ साली मुंबईचा एक डॉक्टर दर सोमवारी पेणला येऊन केस कायमचे घालवणाऱ्या लेसरसाठी बायकांना तपासू लागला. फ्लोराबाई एसटीने गेल्या, अर्थात शुक्रवारची सफाई उरकूनच. डॉक्टर वैतागला.

"लेसर केसाचा काळा रंग धरून मुळापर्यंत जातो. तुम्ही मूळच उपटून आलात! आता सहा आठवडे उपटू नका. हवं तर ब्लेडने कापा."

"ब्लेडने? मी काय बाप्या हाय?"

ते सहा शुक्रवार त्यांनी चडफडत काढले. तोंडाला पदर लावून शिकवलं. पोरी फिदीफिदी हसल्या, तेही गिळलं. सातव्या सोमवारी डॉक्टरने हनुवटीवर भिंग धरलं आणि मान हलवली.

"बाई, हे सगळे पांढरे. पांढऱ्यावर लेसर चालत नाही."

"मग तेव्हा सांगायला काय दातखीळ बसली होती?" फ्लोराबाई कडाडल्या.

"तेव्हा बघायला केस होता कुठे?"

परतीची एसटी नागोठण्याला थांबली, तेव्हा त्यांनी पर्समधून चिमटा काढला आणि भरल्या गाडीत, सगळ्यांदेखत, हनुवटी साफ करायला घेतली. शुक्रवारला अजून चार दिवस होते.