शकूआत्याचा ट्रस्ट आणि घाटावरचा लिलाव

आमच्या कुटुंबाचा धर्मादाय ट्रस्ट एका कावळ्यानं स्थापन केला.

कागदपत्रांत अर्थातच तसं लिहिलेलं नाही. तिथं सार्वजनिक वाचनालय, सिहोऱ्याच्या बस स्टँडवर थंड पाण्याची सोय, वृद्धांना मोफत चष्मे आणि गरजू मुलींचं शिक्षण अशी उद्दिष्टं आहेत. आमच्या सीएंनी ती वाचली आणि विचारलं, "उद्देश तो अच्छे हैं, लेकिन इनका आपस में संबंध क्या है?" आम्ही सगळे एकमेकांकडे पाहायला लागलो. घाबरलेली माणसं ज्या क्रमानं बोलत गेली तोच हा क्रम, हे त्यांना कोण सांगणार!

शकूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची धाकटी बहीण. तिनं लग्न केलं नाही. जन्मभर शाळेत गणित शिकवलं आणि निवृत्तीनंतर नेपियर टाउनमधल्या आपल्या घराच्या व्हरांड्यात वस्तीतल्या मुलींचा फुकट वर्ग सुरू केला. ती कधी रागावत नसे. मान किंचित वाकडी करून चष्म्याच्या वरून नुसती पाहत राही. समोरचा आपणहून सगळं सांगेपर्यंत पाहत राही. (लहानपणी मी न केलेली चोरीसुद्धा एकदा कबूल केली होती.) भुताखेतांवर माझा विश्वास नाही. माझी सगळी भीती आत्यावरच खर्च झालेली.

तिच्या वर्गातली सगळ्यांत हुशार मुलगी आरती. वडील ऑटो चालवतात. आरती दहावीत होती आणि तिची फी आत्या भरत असे. मग आत्या अचानक गेली, आणि तिचे दिवस सुरू असतानाच दोन निर्णय झाले. आत्याचं घर एका कोचिंग क्लासवाल्याला विकायचं, हा आमचा. आरतीला शाळेतून काढून सिहोऱ्याला मामाच्या दुकानावर बसवायचं, हा तिच्या वडिलांचा. "मैडमजी थीं तो बात अलग थी," ते मला म्हणाले. आरती त्यांच्या मागं उभी होती. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण दुसऱ्याच्या घरात आपण काय बोलणार, अशी स्वतःची समजूत घालून मी कोचिंगवाल्याला फोन लावला.

दहाव्याला आम्ही सकाळी ग्वारीघाटावर जमलो. मी, माझी बायको मंगल, नागपूरहून आलेले माझ्या बहिणीचे यजमान दिनकर भाऊजी, बंगलोरहून आलेला चुलतभाऊ मिलिंद, आणि गुरुजी. जरा लांब पायऱ्यांवर आरती आणि तिचे वडीलही येऊन उभे राहिले होते. थंडीचे दिवस. घाटावर दिसत होतं, पण नर्मदेवर असं धुकं होतं की पलीकडचा काठ सोडा, चार हातांवरची नावसुद्धा दिसत नव्हती. फक्त तिचा दोर कुरकुरत होता. गुरुजींनी पिंड मांडला आणि आम्ही मागं सरलो.

कावळे होते. भरपूर होते. देवळाच्या कठड्यावर ओळीनं बसले होते, सगळ्यांची तोंडं आमच्याकडं, आणि एकही ओरडत नव्हता. कावळे इतके गप्प बसलेले मी आजवर पाहिले नव्हते.

"काहून बसले असतील हे असे?" भाऊजींनी हळूच विचारलं.

"धुकं आहे ना, म्हणून," मिलिंद म्हणाला. तो इंजिनियर आहे.

बराच वेळ गेला. मग एक कावळा खाली आला, पिंडाला लांबून वळसा घालून आमच्यासमोर उभा राहिला. त्यानं मान किंचित वाकडी केली आणि पाहायला लागला.

"अगं बाई," मंगल म्हणाली आणि तिनं डोक्यावरून पदर घेतला.

आता हे सगळ्यांना ठाऊक असतं. कावळा शिवत नसेल तर गेलेल्या माणसाची काही इच्छा राहिलेली असते. ती ओळखून, 'आम्ही पुरी करू' असं मोठ्यानं कबूल करायचं. गुरुजी म्हणाले, "बोला काहीतरी. मला अजून एका घरी जायचं आहे."

भाऊजींनी घसा खाकरला. "आत्याजी, तुमची पुस्तकं आम्ही रद्दीत देणार नाही." कावळा पाहत राहिला. "त्यांची... लायब्ररी काढू. सगळ्यांसाठी." कावळा एक पाऊल पुढं आला.

"सरकला," मंगल पुटपुटली. "अजून बोला."

मिलिंदचा या गोष्टींवर विश्वास नाही, हे त्यानं गाडीत आम्हाला नीट समजावून सांगितलं होतं. तोच आता हात जोडून म्हणाला, "आत्या, तू सिहोऱ्याच्या शाळेत शिकवत होतीस तेव्हा स्टँडवर पाणी मिळत नाही म्हणून चिडायचीस ना? तिथं थंड पाण्याची मशीन लावून देतो." आणखी एक पाऊल. मग तो लिलावच झाला! मंगलनं म्हाताऱ्यांसाठी चष्मे बोलले. चष्मे म्हटल्यावर कावळा दोन उड्या मारून आला. पण पिंडापाशी येऊन तो थांबला आणि उलट्या पावली परत जागेवर गेला. उलट्या पावली चालणारा कावळा तुम्ही पाहिलाय? पाहूही नका.

गुरुजींनी शेवटी तोडगा काढला. "दर्भाचा कावळा करू. शास्त्रात सोय आहे." त्यांनी दर्भाला गाठी मारून एक कावळा बनवला आणि तो पिंडाला लावायला हात पुढं केला. तेवढ्यात खऱ्या कावळ्यानं झेप घेतली, गुरुजींच्या बोटांतून दर्भाचा कावळा अलगद काढून घेतला आणि धुक्यात शिरला. पाण्यात काहीतरी पडल्याचा बारीक आवाज आला. मग कावळा परत येऊन त्याच जागी उभा राहिला.

दुसऱ्या घराची घाई त्यानंतर गुरुजींनी एकदाही काढली नाही.

आता कावळ्यानं आमच्याकडं पाठ केली. तो पायऱ्यांपाशी गेला आणि आरतीसमोर थांबला. आरती हलली नाही. तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. मग कावळा वळला, आणि या वेळी त्यानं फक्त माझ्याकडं पाहिलं.

"भाऊ, तुझ्याकडेच पाहून राहिला तो," भाऊजी म्हणाले आणि दोन पावलं बाजूला झाले. मिलिंदही झाला. मंगलही झाली! (सप्तपदीत असं काही ठरलं नव्हतं.)

"आरतीची फी आम्ही भरू," मी म्हणालो. "बारावीपर्यंत." कावळा एक उडी मारून आला. "पुढंही. जितकं शिकेल तितकं." आणखी एक उडी. "घर विकणार नाही." मागं भाऊजींनी श्वास आत ओढला तो ऐकू आला. "वर्ग तिथंच चालू राहील. सगळ्या मुलींसाठी."

कावळा पिंडाला खेटून उभा राहिला. चोच उघडली, आणि तसाच थांबला. नावेचा दोरही कुरकुरायचा थांबला होता. तेव्हा धुक्यातून कुणीतरी शांतपणे विचारलं, "शिकवणार कोण?"

बाईचा आवाज होता. मी शाळेतल्यासारखा ताठ झालो आणि बोट वर करून म्हणालो, "मी."

कावळ्यानं घास घेतला. कठड्यावरचे सगळे कावळे एकदम कलकलाट करत खाली उतरले, आणि नर्मदेवरचं धुकं सरकून पाणी दिसायला लागलं.

"तूच विचारलंस ना?" मी मंगलला विचारलं.

"मी? मला वाटलं आरती बोलली."

आरतीला मराठी समजतं, पण बोलता येत नाही. गुरुजी म्हणाले, "मला विचारू नका," आणि दक्षिणा न घेता निघून गेले. गुरुजी दक्षिणा न घेता गेले, यानं मी त्या आवाजानं हादरलो होतो तितकाच हादरलो.

घरी पोचल्यावर, चहा पोटात गेल्यावर, आमचा धीर परत आला. भावनेच्या भरात माणूस काहीही बोलतो यावर सगळ्यांचं एकमत झालं. भाऊजी नागपूरला गेले, मिलिंद बंगलोरला गेला. काही दिवसांनी भाऊजींचा फोन आला.

"अरे, एक विचारू काय? माझ्या एसीवर कावळा बसून राहिला आहे."

"मग?"

"मग काही नाही. पाहून राहिला."

कावळे सगळीकडं असतात, असं मी त्यांना सांगितलं. संध्याकाळी मिलिंदचा फोन आला. तो उंच इमारतीत राहतो, तिथं पक्षी येऊ नयेत म्हणून बाल्कनीला जाळी बसवलेली आहे. "विनू," तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "तो जाळीच्या आत आहे." आठवडा संपायच्या आत दोघांचेही पैसे आले, आणि त्यांतूनच ट्रस्ट उभा राहिला. जगात लोक दानाची आवाहनं करतात, पत्रकं वाटतात. आमच्या ट्रस्टला याची कधी गरजच पडली नाही.

आणि मी? ऑफिस सुटल्यावर मी व्हरांड्यात वर्ग घ्यायला लागलो. पहिल्या दिवशी आरतीचे वडील तिला ऑटोनं सोडायला आले, रेलिंगवर बसलेल्या कावळ्याला त्यांनी वाकून नमस्कार केला आणि सिहोऱ्याचं नाव पुन्हा काढलं नाही. खरं सांगतो, त्या दिवशी मला फार बरं वाटलं. आत्याच्या खुर्चीत बसताना डोळ्यांत पाणी आलं. ती असताना मी त्या व्हरांड्यात कधी पाच मिनिटं टेकलो नव्हतो.

ट्रस्टची बैठकही तिथंच होते. सुरुवातीला रेलिंगवर आत्याच्या नावानं घास ठेवायचा, आणि तो उचलला गेला की ठराव मंजूर. (सीएंना हे माहीत नाही.) वाचनालयाला आपल्या वडिलांचं नाव द्यावं असं भाऊजींनी सुचवलं, तेव्हा कावळा घासाला पाठ करून दुपारभर बसून राहिला. भाऊजींनी सूचना मागं घेतली तेव्हा आमचे पोहे वाळून कडक झाले होते.

आरती दहावी पास झाली. सगळ्या विषयांत उत्तम मार्क, फक्त गणितात कसेबसे. आता गणित शिकवत होतो मी. शाळेत असताना मी स्वतः गणिताच्या पेपराला किती वेळा बसलो होतो हे आत्या जाणून होती, मुली नव्हत्या. पुढच्या बैठकीला आरती वर्गातर्फे आली. घास ठेवला गेला. ती उभी राहिली, माझ्याकडं न बघता एका दमात म्हणाली, "भैया बहुत मेहनत करते हैं, सबको पता है. पर गणित के लिए कोई दूसरे सर..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत कावळ्यानं घास उचलला.