अजून फक्त उंदरांवर

सोनकांबळे मॅडमची आणि माझी पहिली गाठ तोंडी परीक्षेत पडली. लातूरहून नांदेडच्या फार्मसी कॉलेजात आलेलो मी, बोलण्यात पटाईत. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळीचा मेंदूवर काय परिणाम होतो, असं मॅडमनी विचारलं. मला काहीच येत नव्हतं, म्हणून मी पाच मिनिटं बोललो. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणल्या, "छान बोलतोस. आता 'माहीत नाही' एवढं म्हणून दाखव बरं." मी म्हणलं. त्यांनी पास केलं.

मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. त्यांच्या शिष्यानं या गौरवग्रंथात लिहावं, असं संपादकांचं पत्र आलं. 'शिष्य' हा शब्द वाचून मला लाज वाटली. का, तेच इथं सांगतो.

मॅडमचं काम ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हृदयाच्या पेशंटला रक्तातली चरबी कमी करायला जी गोळी देतात, ती सूजही थोडी उतरवते. आणि फेफऱ्याच्या काही पेशंटमध्ये मेंदूतली सूज फिट वाढवते, असं दिसतं. मग ही जुनी, स्वस्त, घरोघरी आजीच्या डब्यात पडलेली गोळी तिथं कामाला येईल का? या एका प्रश्नावर मॅडम कित्येक वर्षं उंदरांवर काम करून राहिल्या आहेत. कोणत्या पिंजऱ्यात गोळी गेली हे फिट मोजणाऱ्याला कळू नये, म्हणून त्या नोंदीच्या चिठ्ठ्या मॅडम स्वतः कपाटात कुलपात ठेवायच्या. एकदा महिनाभर मोजून चिठ्ठ्या उघडल्या, तर फरक शून्य. मोजणाऱ्या आम्हा विद्यार्थ्यांची तोंडं उतरली. मॅडमनी सगळ्यांना चहा सांगितला आणि म्हणल्या, हेही उत्तरच आहे, नीट लिहून काढा.

पुढच्या खेपेला फरक दिसला. थोडाच, पण दिसला. मी तेव्हा नवानवा लेखक झालेलो. पूर्णविराम न देता पानभर लिहायचो. एका दैनिकाच्या रविवार पुरवणीसाठी या कामावर टोपणनावानं लेख लिहिला. मॅडमनी तो आधी वाचला आणि एका ओळीत पेन्सिलीनं तीन शब्द घातले: 'अजून फक्त उंदरांवर'. छापायला देताना ते मी काढून टाकले. वाक्याची लय मोडत होती.

मॅडम दर महिन्याला मुखेडला फिटच्या पेशंटच्या शिबिराला जायच्या. कोण गोळ्या बरोबर घेतं, कोण मधेच सोडतं, हे घरच्या माणसासारखं विचारायच्या. लेख आल्यावर दोनेक महिन्यांनी मीही सोबत गेलो. मारोतीराव नावाचे शेतकरी लेकीला घेऊन आले. शिवकांता, सतरा वर्षांची. डाव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी. तिच्या फिटच्या गोळ्या घरच्यांनी बंद केल्या होत्या आणि आजीची हृदयाची गोळी चालू केली होती. भाकरी टाकताना फिट आली, हात तव्यावर गेला.

मारोतीरावांनी खिशातून घडी केलेलं कात्रण काढलं. "पेपरातच हाय की, मॅडम. आमी मनानं न्हाई केलं."

मॅडमनी ते पूर्ण वाचलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हात जोडून म्हणल्या, "चूक आमच्याकडून झाली, मारोतीराव. ही गोळी फिटसाठी माणसाला अजून कुणी देत नाही."

मी शेजारीच उभा होतो. गोळ्यांची पाकिटं एकावर एक रचत राहिलो.

डॉक्टरांनी शिवकांताच्या जुन्या गोळ्या परत सुरू केल्या. नांदेडच्या एसटीत मी शिव्यांची वाट बघत बसलो. कंधार मागं पडल्यावर मॅडमनी एवढंच विचारलं, ते शब्द का काढलेस.

"वाक्य अडत होतं, मॅडम."

"अडू द्यायचं होतं की."

मग पिशवीतून पेरू काढून अर्धा माझ्या हातात दिला. तो विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही. शिवकांताच्या घरी मात्र दर महिन्याला फोन करत राहिल्या. तिला वर्षभर फिट नाही. बोटं अजून नीट मिटत नाहीत.

हा लेख लिहायच्या आधी, गेल्या रविवारी मी मुखेडला गेलो. मारोतीरावांना सांगितलं की ते टोपणनाव माझं, शब्द काढणारा मी.

"आमी तर मॅडमचीच चूक धरून बसलो होतो," ते म्हणले. "फोन आला की पोरीची माय म्हणायची, आता कशाला इचारतेत. लई बोललो आमी त्यांना, घरात बसून."

'आमच्याकडून' या मॅडमच्या एका शब्दाखाली मी इतके दिवस लपून राहिलो आणि माझ्या वाट्याचा दोष त्यांनी अंगावर घेतला. मारोतीराव साठीच्या सत्काराला येणार आहेत. त्यांना मॅडमची माफी मागायची आहे. त्यांच्या आधी रांगेत मी उभा राहीन.

मॅडम, तुम्हाला निरोगी आणि भरपूर आयुष्य मिळो. या गोळीचं माणसांवरचं उत्तर, हो असो की नाही, ते कुलूप उघडून तुम्हीच वाचावं, एवढी तब्येत तुमची राहो. आणि त्या दिवशी लिहायला मला बोलावलंत, तर तुमच्या पेन्सिलीचा एकही शब्द मी काढणार नाही.