सिंह राशीचं शहर आणि माझे भावजी

ताईचा नवरा, म्हणजे माझे भावजी, एका दैनिकात प्रूफरीडर होते. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हा धंदा, त्यामुळे आपल्याही असू शकतात हे त्या माणसाच्या कधी डोक्यातच आलं नाही. कचेरीत त्याला सगळे ‘कानामात्रा’ म्हणत. मी तोंडावर अहो-जाहो करते; पाठीमागे अरे-तुरे, आणि इथे पाठीमागचंच सांगते आहे.

राशिभविष्य लिहिणारे म्हातारे गृहस्थ अंथरुणाला खिळले तेव्हा संपादकांनी ते काम याच्या गळ्यात घातलं. ज्योतिषाचा गंध नव्हता. जुन्या अंकांतून मेषेचं भविष्य उचलायचं आणि तुळेला चिकटवायचं, एवढीच विद्या. पण वाचक खूश झाले. भाजीवाली थांबवून विचारू लागली, दातांचा डॉक्टर ओळख दाखवू लागला. आमचा कानामात्रा हरभऱ्याच्या झाडावर चढला तो चढलाच.

मग शहराच्या स्थापना दिनाची पुरवणी निघाली. जुन्या पुलाच्या कठड्यात एक दगड आहे, त्यावर ऑगस्टमधली एक तारीख कोरलेली. त्यावरून याने पानभर लेख लिहिला: आपल्या शहराची रास सिंह. म्हणून आपण मानी, दिलदार, कुणापुढे न वाकणारे. आता या शहरात रांगेत कुणी दुसऱ्याला पुढे जाऊ देत नाही, आणि साहेबाची गाडी दिसली की अख्खं ऑफिस उभं राहतं. पण स्तुती पचवायला पोट साफ असावं लागत नाही. महापौरांनी लेख फ्रेम करून लावला. कचऱ्याच्या गाड्यांवर सिंह रंगवले गेले. ज्या चौकात सिग्नल कधी धड चालला नाही, तिथे सिंहाचा पुतळा बसवायचं ठरलं.

भावजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं. घरात आता प्रत्येकाचा निकाल राशीवरून लागायचा. मी वृश्चिक, म्हणून माझी जीभ विषारी. (हे एक त्याचं बरोबर आलं.) ताई कन्या. कन्या म्हणजे किरकिर, चिकित्सा, काल्पनिक दुखणी.

ताई बसस्थानकावर घोषणा करायची. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुठली उशिरा, हे सगळं तिच्या तोंडून. तिला चेहऱ्याने ओळखणारे थोडे होते, पण रिक्षात बसून तिने पत्ता सांगितला की रिक्षावाला वळून बघायचा. त्या वर्षी तिचा आवाज बसायला लागला. आधी दुपारनंतर, मग सकाळपासूनच. गिळताना काहीतरी अडकतं म्हणाली.

“डॉक्टरकडे जायचं का?” तिने जेवताना विचारलं. मी समोरच होते.

“कन्या राशीला आजार लागतो कशाला?” तो म्हणाला. “नुसता विचार पुरतो. कोमट पाणी पी.”

“दोन महिने पितेय.”

“मग मोजतेस कशाला? तेच तर म्हणतोय.”

आणि आपल्याच विनोदावर हसला. ताईने ताट उचललं. तिने एवढं सहन का केलं, हे मला तेव्हाही कळलं नाही आणि खरं सांगायचं तर तिचाही मला तेव्हा रागच आला होता.

स्थानकाच्या मॅनेजरने तिला माइकवरून काढलं आणि हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसवलं. त्याच आठवड्यात मी चष्म्याच्या दुकानातून रजा घेतली आणि तिला ओढतच हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरांनी मानेवरून बोटं फिरवली आणि इतके दिवस कुठे होतात, म्हणून विचारलं. ताई म्हणाली, “घरीच.” गळ्यात गाठ होती. काढायला हवी होती.

ऑपरेशनचा दिवस आणि पुतळ्याच्या अनावरणाचा दिवस एकच निघाला. भावजी म्हणाले, “मी तिथे नसलो तर बरं दिसणार नाही.” कुणाला, ते सांगितलं नाही. मी हॉस्पिटलातल्या बाकावर बसले होते. भिंतीवरच्या टीव्हीत महापौर दोरी ओढत होते आणि शेजारी आमचे भावजी, केसांना कलप लावून, छाती काढून, जणू सिंह त्यांनीच प्रसवला होता. पुतळाही बघण्यासारखा: पैसे कुणी खाल्ले देव जाणे, पण सिंह उपाशी दिसत होता.

गाठ साधी निघाली. पण आवाज परत आला तो खालच्या पट्टीत, घोगरा. हॉस्पिटलातून ताई माझ्या घरी आली. चार दिवसांसाठी म्हणून आली आणि कपाटातला माझा एक खण रिकामा करून घेतला.

पुढे संग्रहालयातल्या एका बाईंनी जाहीर केलं की पुलावरचा तो दगड पुलाच्या दुरुस्तीचा आहे. शहराची सनद त्याहून कितीतरी जुनी, आणि तीही जुलैच्या सुरुवातीची. म्हणजे रास कर्क. मला वाटलं, आता याचं नाक कापलं जाणार. कसलं काय. रविवारी लेख हजर: ‘खेकड्याचं काळीज’. आपलं शहर वरून कठीण, आतून हळवं, घराला घट्ट धरून ठेवणारं. ‘मला याची चाहूल पहिल्यापासून होती,’ असंही लिहिलं होतं. आणि कालपर्यंत सिंह म्हणून डरकाळ्या फोडणारी माणसं सोमवारी एकमेकांना सांगू लागली की आपण मुळातच फार हळवे. पुतळा पाडायला खर्च आला असता, म्हणून सिंहाच्या पायाशी सिमेंटचा एक खेकडा बसवला. आता तो खेकडा सिंहाचं जेवण वाटतो.

लेख छापून आला त्याच संध्याकाळी भावजी माझ्या दारात उभे. हातात फुलं नाहीत, फळं नाहीत. पेपर होता.

“वाचलंस का?” ताईला म्हणाले. “कर्क म्हणजे घर. या शहरात नवरा-बायकोने वेगळं राहणं शोभत नाही.”

ताईने गळ्याभोवती ओढणी गुंडाळली होती. ती शांतपणे म्हणाली, “गाठ कुठल्या बाजूला होती?”

“काय?”

“माझी गाठ. डावीकडे की उजवीकडे?”

त्याने ओढणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी खिडकीकडे पाहिलं.

“डावीकडे,” तो म्हणाला. “डावीकडेच ना?”

“चहा घ्या,” ताई म्हणाली, “आणि जा.”

त्याने चहा घेतला. बिस्किटंही खाल्ली. निघताना पायऱ्यांवरून माझ्यापाशी कुरकुरला, “बघितलंस? कन्या रास. परीक्षा घेतल्याशिवाय जेवण जात नाही.” मी दार लावून घेतलं.

ताई अजून सामानाच्या खोलीतच आहे. छत्र्या, डबे, कुणाची कवळी. माइकवर परत येण्याबद्दल विचारणा झाली होती, तिने नको म्हटलं. एखादा प्रवासी हरवलेली बॅग मिळाल्यावर रडतो, त्याला ती खुर्ची देते. कधीतरी मला म्हणते, “एकटे जेवत असतील ना ते?” मी म्हणते, “जेवू दे.” तेवढ्यावर विषय संपतो.

भावजींचं बरं चाललंय. मागच्या वर्षी शेजारच्या शहराने आपली रास काढून द्यायला त्यांना बोलावलं. ते गेले, दोन दिवस पाहुणचार झोडला आणि तूळ सांगून आले. तिथल्या लोकांनाही ती लगेच पटली.